खालचा उजवा कोपरा

जयनगरात कॅमेरे दुरुस्त करणारे अण्णा मूळचे निपाणीकडचे. बोलतानाही ते डोळ्यावरचं भिंग काढत नाहीत, त्यामुळे रागावलेत की हसताहेत ते कळत नाही.

परवा म्हणाले, "ती तोफ काढा ओ." आणि माझ्या रेंजफाइंडर कॅमेऱ्यावरची भलीमोठी लेन्स स्वतःच काढून त्यांनी तिथे पेढ्याएवढी जुनी पन्नास मिलिमीटरची लेन्स बसवली.

"हिला उजेड जास्त लागतो," मी कुरकुरलो.

"सकाळचे अकरा वाजलेत. स्वल्प बघा की, थोडं."

या कॅमेऱ्यात बघायची खिडकी लेन्सच्या शेजारी असते; फोटो मात्र लेन्समधूनच येतो. मी डोळा लावला आणि उडालोच. मोठ्या लेन्सने झाकला जाणारा खालचा उजवा कोपरा मोकळा झाला होता. तिथे दारातलं मांजर होतं, मोगरा गुंफणारे हात होते. मी भराभर रीळच संपवलं.

घरी येऊन त्याच उत्साहात दोन वर्षांचे जुने फोटो उपसले. त्या कोपऱ्यात, मी काढताना न पाहिलेलं, काही ना काही होतंच. दुकानातल्या एका फोटोत अण्णांचा हात होता, माझ्यापुढे चहाचा पेला धरलेला.

तो चहा मी घेतला की नाही, आठवत नाही.