नियम नऊ आणि आमचा ओटा

"पाव्हणे आलेत, चहा ठेव," याडी दाराकडं तोंड करून म्हणाली.

याडी म्हणजे माझी आई. ती आमच्या दारातल्या ओट्यावर सकाळच्या उन्हाला बसली होती. समोर कॉलनीच्या सोसायटीचे चौघं उभे. अध्यक्ष, सचिव, आणखी दोघं. सचिवांच्या हातात फाइल, एकाच्या हातात टेप. कसले पाव्हणे? ओटा मोजायला आले होते.

सचिवांनी वाचलं, "नियम नऊ. घराच्या दर्शनी बाजूला कसलंही वाढीव बांधकाम करता येणार नाही."

मी म्हणाले, "साहेब, तिचे गुडघे वाकत न्हाईत. खाली बसता येत न्हाई, म्हणून केला."

अध्यक्ष याडीच्या आरशांच्या घागऱ्याकडं बघून राहिले होते. म्हणाले, "म्हातारीला आत घे. रोज तुमची माणसं येऊन बसतात इथं. ही तळ्याकाठची कॉलनी आहे. इथं तांडा करू नका."

तांडा. शिवी दिल्यासारखा बोलला तो शब्द.

मग म्हणाले, "आजच फुटला पाहिजे. अन् माणूस कशाला शोधायचा? घरातच गवंडी आहे की."

चौघं हसले. एकानं मोबाइल काढून शूटिंग सुरू केलं.

गवंडी म्हणजे माझा नवरा. त्यानं आतून घन आणला. मी याडीला काखेत धरून उठवलं. ती विचारून राहिली, "काय चुकलं आपलं?" नवऱ्यानं आपल्याच हातानं बसवलेल्या फरशीवर घाव घातला. मी घमेल्यात तुकडे भरले. शेवटची वीट निघेपर्यंत अध्यक्ष हलले न्हाईत. जाताना सचिव म्हणाले, "झाडून पण घ्या."

मी झाडलं. त्याची लाज अजून जात न्हाई. त्यांनी सांगितलं अन् मी झाडलं.

ही कॉलनी आमीच बांधली. सेनगाव तालुक्यातल्या बंजारा तांड्यावरून आमी दोघं कामाला आलो. तो भिंती उचलायचा, मी डोक्यावर माल वाहायचे. अशी किती घरं झाली. शेवटी गटाराच्या कडेचा तिरपा प्लॉट उरला. कुणी घेईना, म्हणून आमाला मिळाला. रजिस्ट्री माझ्या नावावर हाय. दोन खोल्या बांधल्या. बाप गेल्यावर याडीला आणलं. दिवसभर चार भिंतीत तिचा जीव घुसमटायचा. ओट्यावर बसली की येणाऱ्याजाणाऱ्याला हाक मारायची. तांड्यावरचं कुणी बाजाराला आलं तर घटकाभर टेकायचं. एवढाच आमचा गुन्हा.

ओटा फुटला त्याच्या तिसऱ्या दिवशी याडीनं गाठोडं बांधलं. "मला तांड्यावर सोड. माझ्यापायी तुमचं घर फोडलं लोकांनी. माझा पेहराव बघून फोडलं. मला काय कळत न्हाई?"

तिला बसमध्ये बसवून आले. घरी आले तर नवरा नुसता बसलेला. म्हणाला, "जाऊ दे. यांच्याच कामावर पोट हाय आपलं."

मी म्हणाले, "माझी आई गेली. आता अजून काय जाऊ देऊ?"

दुसऱ्या दिवशी सचिवांच्या दारात गेले. नियमाचा कागद मागितला. "तुला काय वाचता येणार?" म्हणाले. मी हललेच न्हाई, तवा दिला. सातवीपर्यंत शिकलेली मी. एकेक अक्षर लावत सगळा कागद वाचला. समोर जागा सोडायची. गटारावर बांधायचं न्हाई. तळ्याकडं भिंत सरकवायची न्हाई. वाचता वाचता एकेक घर डोळ्यापुढं आलं. सचिवांच्या गेटचा उतार गटारावर हाय. त्याचा स्लॅब आमी टाकला. अध्यक्षांची मागची भिंत तर तळ्यातच हाय. तिच्या पायाचा दगड मी गुडघाभर पाण्यात उभं राहून दिला. तवा हेच अध्यक्ष काठावरून ओरडत होते, "हात चालव बाई, पाणी वाढायच्या आत भिंत वर आली पाहिजे."

मला सगळं ठाऊक होतं. तरी मी झाडत होते.

महिन्याची मीटिंग मंदिरापुढच्या मंडपात असायची. मी गेले. बायकांत बसले न्हाई. उभी राहिले.

"नियम नऊ असो की दुसरा, सगळ्यांला बराबर हाय का?"

"आहे की," अध्यक्ष म्हणाले. "बस खाली."

"मग तुमची भिंत तळ्यात कशी?"

अध्यक्ष लाल झाले. "तुला काय माहीत गं?"

"मला न्हाई तर कुणाला? तिचा दगड माझ्या डोक्यावरून गेलाय. अन् मला अगंतुगं करू नका. मी इथली घरमालकीण हाय."

"कामाला होतीस तेव्हा तोंड नव्हतं तुला!"

"होतं. उघडलं नव्हतं."

कुणी माझ्या बाजूनं बोललं न्हाई. एकानंही न्हाई. खुर्च्या सरकवून लोक उठून गेले.

मी नगरपालिकेत अर्ज दिला. सगळ्या घरांची मोजणी करा, सुरुवात माझ्या घरापासून करा, असं लिहिलं. शिक्का मारून घेतला. तवापासून कॉलनीत नवऱ्याला काम न्हाई. तो वसमतला कामाला जातो. शेजारीण मला बघून दार लावते. मोजणी अजून झाली न्हाई. याडीला दोनदा आणायला गेले. ती येत न्हाई.

परवा सचिव आले. या वेळी अहोजाहो. "एक छोटी पायरी करून घ्या, आम्ही बघणार नाही. अर्ज मागं घ्या."

मी न्हाई म्हणाले. त्याच दिवशी वाळू टाकली, विटा आणल्या. नवरा कामावरून आला, विटांकडं बघितलं, थापी उचलली. दुसऱ्या दिवशी भर दिवसा, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत ओटा बांधून काढला. आधीपेक्षा हातभर लांब.

अध्यक्ष स्कूटर थांबवून म्हणाले, "हा पण पडणार."

मी ओट्यावर बसूनच म्हणाले, "पाडू. आधी तळ्यातली भिंत. ती पडली की माझा ओटा मी माझ्या हातानं फोडीन. तोवर इथं कुणी घन घेऊन आला तर त्याला आधी मला उठवावं लागंल. अन् मी उठणार न्हाई."