एक्स्टेंशन सतरा

ऑफिसात त्याला सगळे एकरिंगे म्हणत. हे काही त्याचं आडनाव नव्हे. लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत तक्रारींच्या टेबलावर त्याचं अख्खं आयुष्य गेलं, आणि त्या टेबलावरच्या फोनची दुसरी रिंग कुणी कधी ऐकली नाही, म्हणून एकरिंगे. लिफ्टमध्ये अडकलेला माणूस घामाघूम होऊन फोन लावतो, त्याला ताटकळत ठेवणं म्हणजे पाप, असं त्याचं म्हणणं. "घाबरू नका, माणूस निघालाय," हे तो इतक्या मायेनं सांगायचा की अडकलेला बिचारा तिथेच निवांत फतकल मारून बसायचा. माणूस खरंच निघालेला असायचा का? ते सोडा.

दुपारचा एक फोन मात्र घरचा असायचा. आईचा. "जेवलास का?" एवढं विचारायची आणि ठेवून द्यायची. पुढे तिला विसरायचा आजार जडला. आधी चष्मा कुठे ठेवला ते, मग गॅस बंद केला का ते, मग सुनेचं नाव. नवरा जाऊन कैक वर्षं झाली, हेही पुसलं गेलं. संध्याकाळ झाली की त्याची वाट बघायची. पण ऑफिसचा नंबर आणि पुढे एक्स्टेंशन सतरा, हे पाढ्यासारखं पाठ. झोपेतून उठवून विचारा, घडाघडा म्हणून दाखवेल. डॉक्टर म्हणाले, राहिलंय तेवढं जपा. त्यानं ते जिवापाड जपलं.

म्हणून टेबलावरचे फोन काढणार असं कळलं तेव्हा तो हबकलाच. मालकाला तो मजला रिकामा करायचा होता. सगळ्यांची एक्स्टेंशनं मोबाइलवर वळवायची, ज्यानं त्यानं हवं तिथून काम करायचं. बाकीचे खूश. यानं मात्र फोन बसवणाऱ्या माणसाला जिन्यातच गाठलं.

"सतरा राहील ना? आईला तेवढाच नंबर येतो."

"राहील हो काका. लावणाऱ्यानं सतराच दाबायचं, वाजेल तुमच्या खिशात. आईंना कळणारसुद्धा नाही."

झालंही तसंच. आईनं दुपारी फोन लावला, खिशात वाजला, यानं उचलला. जीव भांड्यात पडला. पण एक गोष्ट त्या माणसानं सांगितली नाही आणि आमच्या या शहाण्यानं पाहिली नाही. असा वळवलेला फोन आला की लावणाऱ्याचा नंबर दिसत नव्हता, ऑफिसचा दिसत होता. पाहणार तरी कसा? पहिल्या रिंगला उचलणारा माणूस स्क्रीनकडे बघतोय कशाला!

बायकोच्या डोक्याला मात्र ताप झाला. जेवताना, आंघोळीला निघताना, सुट्टीच्या दिवशीसुद्धा कुठली कुठली अडकलेली माणसं खिशातून ओरडू लागली. "सुट्टीच्या तक्रारींना दुसरा माणूस नेमलाय ना? मग तुम्ही कशाला लष्कराच्या भाकऱ्या भाजताय?" एका शनिवारी तिनं मोबाइल ओढूनच घेतला, त्या नंबराला 'ऑफिस' असं नाव दिलं आणि लहान मुलाला शिकवावं तसं शिकवलं, "आधी बघायचं. सुट्टीच्या दिवशी हे नाव दिसलं की उचलायचं नाही. माझी शपथ आहे." तो हो म्हणाला. तीही दमली होती हो, तिचं काय चुकलं?

दुसऱ्याच दिवशी, रविवारी दुपारी, दोघांचा डोळा लागला आणि दाराची कडी राहिली. उठून बघतात तो आईची खाट रिकामी. चपला मात्र जागेवर.

बायको एका दिशेला धावली, तो दुसऱ्या. शेजारी, दुकानदार, चौकीतले पोलीस, सगळ्यांना मोबाइल नंबर देऊन ठेवला, दिसली की लगेच कळवा म्हणून. आणि मोबाइल वाजला. ऑफिस. त्यानं कापला. पुन्हा ऑफिस. पुन्हा कापला. "अरे, आज नका रे बाबांनो! लाइन मोकळी ठेवा, माझी आई हरवलीय!" भर रस्त्यात तो हातातल्या फोनवर ओरडला. लोक वळून बघायला लागले. फोन वाजतच राहिला आणि तो कापतच राहिला. जन्मात पहिल्यांदा हा माणूस कुणाचा फोन कापत होता, आणि तोही आईसाठी!

उन्हं उतरता उतरता ती एका शिंप्याच्या दुकानात सापडली. स्टुलावर बसली होती, सोललेल्या पायांना शिंप्यानं कापडाच्या चिंध्या बांधल्या होत्या.

"तुम्ही ओळखता का आजींना?" शिंपी म्हणाला. "मघापासून यांनी सांगितलेला नंबर लावतोय. सतरा दाबलं की वाजतं, आणि पलीकडून कुणीतरी कापतं. काय एकेक माणसं असतात!" आणि खात्री पटावी म्हणून त्यानं पुन्हा नंबर लावला.

एकरिंग्याच्या मुठीतला मोबाइल वाजला. ऑफिस.

शिंप्यानं त्या मोबाइलकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. एकरिंगे तिच्या पायांशी जमिनीवरच बसला. "आई, मी आलोय," तो म्हणाला. परक्या माणसाकडे बघावं तसं आईनं त्याच्याकडे पाहिलं.

"सतराला माझा मुलगा असतो," ती म्हणाली. "तो उचलत नाही. असं तो कधी करायचा नाही हो. असता तर उचललाच असता." आणि पोटचं पोर गेल्यावर बाई रडते तशी ती मोठ्यानं रडायला लागली.

त्या दिवसापासून तिच्या लेखी तिचा मुलगा गेला तो गेलाच. बायकोनं स्वतःला लाख बोल लावले, सासूला हजारदा समजावलं. तो स्वतः समोर बसून म्हणायचा, "आई, मीच तो." ती म्हणायची, "कशाला हो माझं मन राखता?" मेला आजार! नवऱ्याचं मरण विसरली, आणि जे घडलंच नव्हतं ते मात्र घट्ट धरून बसली. नंबर तर पुन्हा तिच्या ओठावर आलाच नाही.

आता तो सुट्टी असो नसो, दुपारी घरी असतो. तिचे पाय पुसतो, तिला भरवतो. परवा भरवताना मध्येच तिनं त्याचा हात धरला.

"तुम्ही फार करता हो माझं," ती म्हणाली. "माझा असता ना, त्यानंही असंच केलं असतं."

"हो, केलं असतं," तो म्हणाला, आणि त्यानं पुढचा घास तिच्या तोंडाशी नेला.