घड्याळाच्या दुकानाची काच

त्याला सगळी बाजारपेठ इन्स्पेक्टर म्हणायची. होता तो काचवाला. दुकानांच्या दर्शनी काचा, खिडक्या, आरसे, कपाटांची दारं, काय म्हणाल ते बसवून द्यायचा. काच कापायची हिरकणी एकदाच फिरवायची, टिचकी मारायची, की काच सरळ रेषेत वेगळी. हात असा की काचेला वाटावं, आपणच तुटायचं ठरवलं. उरलेला वेळ कडा घासण्यात जायचा. त्या घासण्याची बारीक पूड आणि दिवसभर ओठांत सिगरेट, अशी त्याची तीस-पस्तीस वर्षं गेली.

इन्स्पेक्टर हे नाव पडलं ते त्याच्या चालण्यावरून. रस्त्याने जाताना दर तीन-चार दुकानांमागे तो एखाद्या काचेपुढे थांबायचा. मान तिरकी करून कडा न्याहाळायचा, खालच्या पट्टीवरून अंगठा फिरवायचा.

"काय इन्स्पेक्टर, पास की नापास?" न्हावी दारातूनच ओरडायचा.

"काच धरणारी लांबी सुकलीय, भेगा पडल्यात. पुढचा पाऊस काढायची नाही."

बाजारपेठेला वाटे, आपल्या धंद्याचा केवढा हा अभिमान! त्याच्या बायकोला मात्र या अभिमानाने नाकी नऊ आणले होते. ती घरी शिवणकाम करायची, नवं नाही, दुरुस्तीचं. कुणाची पॅंट आखूड कर, कुणाचा कोट सैल कर. कामात झपाटा आणि चालण्यातही. चालताना मागे वळून पाहिलं, की नवरा चार दुकानं मागे, काचेला नाक लावून उभा.

"अहो, काच पळून जाणार आहे का? उद्या बघा."

"तू हो पुढे. आलोच."

हे "तू हो पुढे, आलोच" तिने इतक्या वेळा ऐकलं होतं, की ती शेजारणींना सांगायची, "माझं लग्न माणसाशी लागलं की विजेच्या खांबाशी, तेच कळत नाही." भाचीच्या लग्नाला दोघं उशिरा पोहोचली, तेव्हा तर तिने सगळ्या पाहुण्यांदेखत सुनावलं, "यांना बायकोपेक्षा लोकांच्या काचा प्याऱ्या!" सगळे हसले. तोही हसला, आणि हसता हसता त्याला असा खोकला आला, की कुणीतरी पाठ चोळायला धावलं. तिने तेव्हाही म्हटलं, "ओढा अजून सिगरेटी."

खरं म्हणजे तिला आधीच कळायला हवं होतं. दर वर्षी ती त्याचे शर्ट छातीत उसवून सैल करायची आणि पॅंट कमरेत आत घ्यायची. टेप गळ्यात टाकून एकदा तिने थट्टाही केली होती, "छाती फुगतेय, कंबर बारीक होतेय. या वयात पैलवान होताय की काय?" त्याने दंड फुगवून दाखवला होता. दुसऱ्या कुणाचं माप असं बदललं असतं, तर तिने विचारलं असतं, तब्येत बरी आहे ना? घरच्या माणसाचं माप तिने नुसतं घेतलं.

कळलं ते बाजार बंद असलेल्या दिवशी. लेकीकडे जायला दोघं निघाली होती. रस्ता रिकामा, सगळ्या दुकानांची शटरं खाली. सवयीने तिने मागे पाहिलं, तर तो एका शटरपुढे उभा होता. मान तिरकी, अंगठा पत्र्याच्या वळ्यांवर.

ती चालत मागे आली. "अहो, शटरला कुठे काच असते?"

त्याने तोंड उघडलं. शब्द आला नाही. त्याने एक बोट वर केलं, जरा थांब म्हणून. मग तिने पाहिलं. गळ्याखालची हाडं वर उचलली जात होती, ओठ शीळ घालताना करावेत तसे गोल केले होते आणि त्यातून तो हळूहळू, जपून, श्वास सोडत होता. काचेकडे तोंड करून उभ्या माणसाचे ओठ मागून दिसत नाहीत.

"किती वर्षं हो?" तिने विचारलं.

"झाली की," तो जरा वेळाने म्हणाला. "लोकांनी दमेकरी म्हणण्यापेक्षा इन्स्पेक्टर म्हटलेलं बरं."

ती तिथेच शटरच्या पायरीवर बसली. आजवर मारलेला एकेक टोमणा तिला आठवायला लागला.

छातीच्या डॉक्टरीणबाई लेकीच्याच वयाच्या होत्या. त्यांनी पडद्यावर फोटो दाखवून समजावलं. फुफ्फुसाच्या बारीक पिशव्या फाटून एक झाल्यात. हवा आत शिरते, पण पुरती बाहेर पडत नाही, अडकून राहते. वरचा भाग असा फुगून बसलाय, की खालच्या बऱ्या भागाला हलायला जागाच नाही.

"म्हणजे भाडं न देणारा भाडेकरू," तो म्हणाला.

डॉक्टरीणबाई हसल्या. "अगदी. त्याला बाहेर काढण्यासाठी आता छाती उघडायची गरज नाही. झोपेचं औषध देऊन तोंडातून नळी घालायची आणि त्या भागाकडे जाणाऱ्या वाटांवर छोट्या झडपा बसवायच्या. झडप हवा बाहेर सोडते, आत घेत नाही. तो भाग हळूहळू आकसतो, बऱ्या भागाला जागा होते."

"एकाच बाजूला उघडणारं दार."

"हो. पण सगळ्यांना चालत नाही. दोन भागांमधला पडदा शाबूत हवा, नाहीतर शेजारून हवा येत राहते. ते तपासावं लागेल. आणि सिगरेट बंद."

"किती दिवस?"

"जन्मभर," बायको मध्येच म्हणाली.

त्याने सिगरेट सोडली. काडेपेटीतल्या काड्या चघळून चघळून त्याने घरात कचरा केला आणि तिने एकदाही कुरकुर केली नाही. तपासण्या झाल्या, चालवून पाहिलं, पडदा शाबूत निघाला. हे ऐकून तो इतका खूश झाला, की जणू तो पडदा त्यानेच बसवला होता.

झडपा बसल्या. काही दिवस दवाखान्यात ठेवून घरी सोडताना परिचारिकेने दोघांना समोर उभं करून बजावलं, "छातीत टोचलं, दम अचानक वाढला, तर तडक इकडे यायचं. फुफ्फुसाला भोक पडून छातीत हवा साठू शकते. 'बघू, थांबेल' असलं काही चालणार नाही. कळलं का, काका?"

"कळलं."

"मावशी, यांच्यावर माझा भरवसा नाही. तुम्ही लक्ष ठेवा."

"डोळ्यांत तेल घालून ठेवते," ती म्हणाली.

आणि खरोखर गुण आला. घर पहिल्या मजल्यावर. इतकी वर्षं तो जिन्याच्या मधल्या वळणावर, तिथल्या खिडकीची काच बघायला थांबायचा. त्या आठवड्यात ती खाली कुणाशी बोलत उभी असताना वरून हाक आली, "काय गं, येतेस की मी पुढे होऊ?" ती वर पाहतच राहिली. बाजारात न्हाव्याने विचारलं, "इन्स्पेक्टर, आज राउंड नाही?" तर म्हणाला, "रिटायर झालो!" आणि बायकोच्या बरोबरीने पुढे गेला. शेजारून चालणाऱ्या नवऱ्याची तिला सवय नव्हती. दोनदा त्याच्या पायात पाय अडकला.

"आता मी थांबलो ना," तो तिला म्हणाला, "तर बघायलाच थांबलो असं समज."

तिने ते समजून घेतलं. तिथेच घात झाला, असं तिला पुढे वाटत राहिलं.

त्या दिवशी बटणं घ्यायला दोघं निघाली. बटणांचं दुकान रस्त्याच्या पार टोकाला. अर्ध्या वाटेवर, घड्याळाच्या दुकानापुढे, तो थांबला.

"काय हो? बरं आहे ना?"

"अगं, हे बघ ना. खालचा कोपरा सुटलाय. कुठल्या गाढवाने बसवली कोण जाणे." आवाज नेहमीचाच होता. अंगठा पट्टीवर होता. "तू हो पुढे. आलोच."

तिला बरंच वाटलं. बघायला थांबलाय, बघू दे मनसोक्त. ती पुढे गेली, बटणं निवडली, काळी का तपकिरी यावर दुकानवालीशी गप्पा मारल्या. कितीतरी दिवसांनी तिला घाई नव्हती. परत आली तेव्हा तो घड्याळाच्या दुकानाच्या पायरीवर बसला होता, एक हात बरगडीवर, ओठ निळे. घड्याळजी पाण्याचा पेला धरून उभा होता.

दवाखान्यात छातीत नळी घातली. जीव वाचला, पण फुफ्फुसातून हवेची गळती थांबेना. शेवटी डॉक्टरीणबाईंना झडपा काढाव्या लागल्या, एकेक करून सगळ्या.

"कधी सुरू झालं?" त्यांनी त्याला विचारलं होतं.

"ही पुढे गेल्यावर."

बायकोने मान फिरवली. नंतर व्हरांड्यात तिने डॉक्टरीणबाईंना गाठलं. "लगेच आणलं असतं तर?"

"सांगता येत नाही हो. लगेच आणूनही असं होतं कधी कधी. तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

तिने पहिलं वाक्य तेवढं ऐकलं.

घरी ऑक्सिजनचं मशीन आलं. एका कोपऱ्यात ते घुरघुरायचं, दुसऱ्या कोपऱ्यात तिचं शिवणयंत्र. मध्ये खाटेवर तो, नाकाला नळी लावून, खिडकीकडे तोंड करून. पुन्हा झडपा घालायचा विषय निघाला, तेव्हा त्याने हात जोडले.

ती त्याला विचारायची. सुई ओवता ओवता, ताट वाढताना, कधीही.

"खरं सांगा. तुम्ही थांबलात तेव्हाच दुखत होतं ना?"

"काच सुटली होती गं."

"मला वाईट वाटू नये म्हणून बोलताय."

"अगं, खरंच सुटली होती."

शटरपुढे उभा राहूनही ज्याने काच बघितली, त्याच्यावर विश्वास ठेवायचा कसा? एकदा तिचा तोल गेला. "पुरे झालं ते काचेचं! आयुष्यभर मला काचच दाखवलीत. एकदा तरी खरं बोला!"

त्याने बोट वर केलं, जरा थांब म्हणून. ती थांबली. श्वास जुळल्यावर त्याने पुन्हा खिडकीकडे तोंड केलं. त्यानंतर त्याने काचेचं नाव काढलं नाही आणि तिनेही विचारलं नाही. पुढच्या वर्षी एका दुपारी, दोन्ही मशीनं चालू असताना, तो गेला.

ती त्या रस्त्याने जाईनाशी झाली. बटणं लागली, की मागच्या गल्लीने वळसा घालून जायची.

एके दिवशी घड्याळजीच तिच्याकडे आला, नव्या पॅंटची लांबी कमी करून घ्यायला. ती तोंडात टाचण्या धरून त्याच्या पायाशी बसली.

"वहिनी, तुम्ही आमच्या बाजूला दिसत नाही हल्ली."

ती "हं" म्हणाली.

"इन्स्पेक्टरांची आठवण येते हो. ती काच बदलली शेवटी. त्यांनी सांगितलं होतं तसंच झालं, वाऱ्याने कोपरा पार निखळला. त्या दिवशी मी ऐकलं नाही त्यांचं."

तिने टाचण्या तोंडातून काढल्या. "त्या दिवशी? तुम्हाला कधी सांगितलं?"

"तुम्ही पुढे गेलात ना, तेव्हा. पायऱ्या चढून आत आले, चांगले हसत होते. म्हणाले, ही काच कुठल्या गाढवाने बसवलीय? म्हटलं, तुमच्याच मेहुण्याने. केवढे हसले! मग म्हणाले, चला बाहेर, दाखवतो. बाहेर आलो, वाकून कोपरा दाखवायला लागले आणि दाखवता दाखवताच हात छातीवर गेला. मी पाणी आणायला धावलो, तोवर तुम्ही आलातच."

तिचा भाऊ काही दिवस नवऱ्याच्या हाताखाली काम शिकला होता, हे तिच्या ध्यानातूनच गेलं होतं.

"वहिनी? किती वर घेताय?"

तिने मान खाली घातली आणि टाचणी लावली. ती वाकडी लागली. काढून पुन्हा लावली.

दुसऱ्या दिवशी ती त्या रस्त्याने गेली. घड्याळाच्या दुकानापुढे थांबली. काच नवी होती, कोपरा घट्ट होता. तिने मान तिरकी केली आणि खालच्या पट्टीवरून अंगठा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला. त्या दिवशी कोपरा खरंच सुटला होता. तो पायऱ्या चढला होता. हसला होता. आणि खाटेवरून तिला खरं तेच सांगत राहिला होता.

"काय काकू," न्हावी दारातून म्हणाला, "पास की नापास?"

तिला उत्तर द्यायचं होतं. तिने काचेकडेच तोंड ठेवलं आणि एक बोट वर केलं.