चरबीवर ढकललेलं दुखणं

माझी थोरली बहीण अंजनगाव सुर्जीला दिली आहे. सासरचा भाजीपाल्याचा मळा. मेथीच्या जुड्या बांधण्यात तिचा हात कुणी धरू शकत नसे. अंगानं ती पहिल्यापासून भरलेली, दोन बाळंतपणांनंतर आणखी सुटली. चार वर्षांपूर्वी तिची बोटं सकाळी उठल्यावर वळेनाशी झाली. चहाचा कप नीट धरता यायला तासभर जायचा.

अमरावतीच्या एका डॉक्टरकडे मीच तिला नेलं. त्यांनी तिला वजनकाट्यावर उभं केलं, आकडा पाहिला आणि बोटांना हातसुद्धा न लावता म्हणाले, "एवढं वजन घेऊन फिरता, सांधे दुखणारच. खाणं कमी करा."

ताई म्हणाली, "डाक्टरसाहेब, मी काई हातावर चालत नाई."

ते हसले, मलाही हसू आलं. दुखणं थांबवायच्या गोळ्या घेऊन आम्ही परत आलो. तिचं म्हणणं किती बरोबर होतं, हे तिथे एकाच्याही डोक्यात शिरलं नाही. माझ्याही नाही.

पुढची दोन वर्षं दर खेपेला तोच काटा आणि तेच वाक्य. ताईनं संध्याकाळची भाकर सोडली. तरी वजन फारसं हललं नाही. मी शाळेत शिकवणारी बाई, पण फोनवर तिला बेधडक म्हणाले, "चोरून खात असशील." मग एका सकाळी ती मेथीच्या वाफ्यातच चक्कर येऊन पडली. मी धावत गेले तर खाटेवर रडत होती. "मले भूक लागते वं, लय लागते. मी काय करू?"

मी तिला अकोल्याला, जठारपेठेतल्या माझ्या घरी आणलं आणि संधिवाताच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी एकेक बोट दाबून पाहिलं. रक्त तपासलं, हातांचे एक्स-रे काढले. म्हणाल्या, "हा संधिवात आहे. शरीराची संरक्षणाची फौज स्वतःच्याच सांध्यांवर उलटली आहे. हे दोन वर्षांपूर्वी कळायला हवं होतं."

"म्हणजे वजनाचा संबंधच नाही?" मी विचारलं.

"आहे, पण तुम्हाला सांगितला तसा नाही. चरबी म्हणजे अंगावर लादलेलं नुसतं ओझं नव्हे. तिच्यातून लेप्टिन नावाचं हार्मोन रक्तात जातं. साठा पुरेसा आहे, आता भूक आवर, असा निरोप ते मेंदूला देतं. चरबी वाढली की लेप्टिनही वाढतं, पण मेंदू त्याचं ऐकेनासा होतो. म्हणून भूक हटत नाही. आणि हेच लेप्टिन त्या फौजेलाही चेतवतं, त्यामुळे सूज भडकायला मदत होते. आजार एकट्या त्याच्यामुळे झाला, असं मात्र कुणी म्हणू शकत नाही. वजन उतरलं तर फायदाच होईल. पण आधी औषध, आणि दोन वेळचं जेवण."

ताईनं हळूच विचारलं, "म्हंजे मी खादाड नाई?"

"नाही."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दोन वर्षं जिला उपाशी ठेवलं, तिची भूकही दुखण्याच्याच घरातली निघाली. आणि एवढं सांगायला बाईंना पाच मिनिटं लागली होती. दारात जाड बाई दिसली की तपासणी संपते, हे कुठल्या पुस्तकात शिकवतात?

औषधं लागू पडली. चार-पाच महिन्यांत सूज उतरली, वजनही थोडं घटलं. पण उजव्या हाताची दोन बोटं वाकडी झाली ती झालीच. आता जुड्या तिची जाऊ बांधते. ताई बांधावर बसून भाजी निवडते.

गेल्या महिन्यात मी तिच्याजवळ चोरून खाण्याच्या त्या बोलण्याची माफी मागितली. ती भेंडी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तुले काय बोलू? मलेच तसं वाटून राहिलं होतं. रोज सकाळी बोटं आखडली का मी सोताले शिव्या देत होती."

डॉक्टरवरचा माझा राग कधीतरी ओसरेल. स्वतःच्या दुखण्यासाठी तिनं दोन वर्षं स्वतःला दिलेल्या त्या शिव्यांचा मात्र ओसरत नाही.