न पाहिलेल्या शहराची टूर

चिठ्ठीत मला सांतो दोमिंगो आलं. आमच्या टुरिझमच्या डिप्लोमाला एक प्रॅक्टिकल असतं. प्रत्येकाने एक शहर घ्यायचं आणि कॉलेजच्या कॉरिडॉरमध्ये त्याची दिवसभराची टूर पंधरा मिनिटांत करून दाखवायची. मास्तरीणबाई आणि चार विद्यार्थी पर्यटक होतात. फोटोकॉपीची खोली हे कॅथेड्रल, लिफ्ट म्हणजे नदीकाठचा किल्ला आणि मधला लांब कॉरिडॉर हा बायकांचा रस्ता. गव्हर्नरच्या बायकोबरोबर आलेल्या स्पॅनिश बायका संध्याकाळी तिथे फिरायला निघायच्या, म्हणून ते नाव. मी इथे परदेशात येऊन हॅमिल्टनच्या पलीकडे फारशी कुठे गेलेली नव्हते. कॅरिबियन समुद्र मला फक्त लॅपटॉपवर माहीत होता.

पहिल्यांदा मी नापास झाले, कारण मी ती टूर पाठ केली होती. दहावी, बारावी, सगळं मी तसंच केलं. घरात आधी कुणी कॉलेजला गेलेलं नव्हतं, त्यामुळे अभ्यासाची दुसरी काही पद्धत असते हे सांगणारंही कुणी नव्हतं. किल्ल्यापाशी बाईंनी मध्येच विचारलं, "सावली कुठे मिळेल? माझ्या आईला चालवत नाही." माझं वाक्य तुटलं. तुटलं की मला सुरुवातीपासूनच म्हणावं लागतं. मी पुन्हा "गुड मॉर्निंग, वेलकम" पासून सुरू केलं.

बाई चांगल्या होत्या. आणखी एक संधी दिली, दोन आठवड्यांनी. पण तीही गेली तर तो विषय जानेवारीत पुन्हा घ्यावा लागणार होता, आणि माझं स्टडी परमिट डिसेंबरात संपत होतं. एक्स्टेन्शनला अप्लाय करता येतं. पण मिळेलच असं कुणीच छातीवर हात ठेवून सांगत नव्हतं.

आम्ही बेसमेंटमध्ये तिघी राहायचो. त्यातली नागपूरची ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी, नोकरी करणारी. तिने माझी टूर ऐकली आणि कपाळाला हात लावला.

"अगं, तू टूर देऊन राहिली की आरती म्हणून राहिली? डोळे तरी उघड!"

"उघडले की विसरते."

"मग मीच पर्यटक होते. वाट्टेल ते विचारीन. बोल."

ती खरंच वाट्टेल ते विचारायची. पोळ्या लाटताना, बसची वाट बघताना. इथे मासे कसे मिळतात? भिंतीचा दगड कोणता? वॉशरूम कुठे? टोपी हरवली, आता काय? मी अडखळत उत्तरं द्यायचे, ती म्हणायची, "बघ, जमते." मलाही वाटलं, जमतंय. मग मी ते केलं जे आज आठवलं तरी लाज वाटते. तिचे सगळे प्रश्न मी वहीत उतरवले, त्यांना नंबर दिले आणि त्यांची उत्तरं पाठ केली. चाळीस प्रश्न, चाळीस उत्तरं. ताईला सांगितलं नाही.

परीक्षा सकाळी साडेआठला होती. कॅथेड्रल नीट झालं. किल्ला झाला. सावलीचा प्रश्न पुन्हा आला, तो माझ्याकडे सोळा नंबरला होता. मी इतकी खुश झाले की चालण्याचा वेग वाढला. बायकांच्या रस्त्यावर, जिथे सूर्याचं घड्याळ म्हणून आम्ही व्हेंडिंग मशीन धरलं होतं, तिथे बाई थांबल्या आणि सहज म्हणाल्या, "तुला स्वतःला इथलं काय आवडलं?"

हा प्रश्न वहीत नव्हता. मी एक ते चाळीस मनात धुंडाळलं. सगळे माझ्याकडे बघत होते. तोंडातून निघालं, "वॉशरूम उजवीकडे आहे."

एक मुलगा हसला आणि लगेच गप्प झाला. त्याचं गप्प होणं जास्त लागलं. बाई म्हणाल्या, "सावकाश. घाई नाही." मी तोंड उघडलं आणि माझ्या कानांनी ऐकलं, "गुड मॉर्निंग, वेलकम."

गुणांच्या कागदावर काय लिहिलं ते त्यांनी मला तिथेच दाखवलं. मी थँक यू म्हणाले.

बाहेर बसस्टॉपवर आले तेव्हा दहा वाजत होते. म्हणजे बार्शीत साडेसात, अण्णांचं दुकान बंद व्हायची वेळ. अण्णा म्हणजे माझे वडील, पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतात. मी फोन करणार नव्हते. त्यांचाच आला.

"झाली का गं परीक्षा?"

"झाली."

"काय विचारलं?"

मी तेव्हाच सांगायला हवं होतं. पण मी म्हणाले, "अण्णा, ते शहर दाखवू का तुम्हाला?"

"दाखव की."

मी मराठीत सुरू केलं. मराठीत काही पाठ नव्हतं. चौकात उभं राहायचं, समोर कॅथेड्रल. भिंती प्रवाळाच्या दगडाच्या, भोकं भोकं असलेल्या. तिथून किल्ला, खाली नदी, लगेच समुद्र. किल्ल्यापासून निघतो तो बायकांचा रस्ता, गव्हर्नरच्या बायकोबरोबरच्या बायका संध्याकाळी फिरायच्या तो.

"मग पाणी खारंच असंल. प्यायला कुठलं?"

"पावसाचं साठवायचे. घरात हौद असायचे."

"आणि एवढाले दगड वाहिले कुणी? त्या फिरणाऱ्या बायकांनी?"

"नाही. आधी तिथल्याच लोकांना जुंपलं, ते मेले. मग आफ्रिकेतनं माणसं आणली, गुलाम म्हणून."

"त्यांचा रस्ता कुठला?"

"त्यांच्या नावाचा रस्ता मला नकाशात दिसला नाही."

 अण्णा म्हणाले, "हं, चल पुढं."

माझी बस आली आणि गेली. मी पुढे चालवत राहिले. रस्ता जितका होता त्याच्यापेक्षा लांब केला. घड्याळापाशी थांबले, गव्हर्नरच्या वाड्यात नेलं, खिडक्या मोजायला लावल्या. टूर चालू होती तोवर मला ते वाक्य बोलावं लागणार नव्हतं. शेवटी बंदराचा दरवाजा आला. त्याच्या पलीकडे नदी, आणि मला पुढचं काही माहीत नव्हतं.

"एवढंच?" अण्णांनी विचारलं.

"एवढंच."

"चांगलं सांगितलंस की. पास म्हणायचं मग."

"नाही, अण्णा. नापास झाले. दुसऱ्यांदा."

शटर अर्धं खाली आल्याचा आवाज आला आणि तिथेच थांबला.

"परत कधी घेत्यात?"

"जानेवारीत. पण माझा इथला कागद डिसेंबरापर्यंतच आहे."

"मग कागदाचं बघायचं आधी," ते म्हणाले. "कुठं जावं लागतंय त्याला?"

मी सांगू लागले. ते दर वाक्याला "हं" म्हणत होते.