काकूंच्या अर्जातली माझी ओळ

काकूंचा अर्ज फेटाळला जावा म्हणून मीच तो तसा लिहिला. दोन वर्षं हे कोणाला सांगितलं नाही.

इकडे उत्तरेत, रामघाटावरच्या आमच्या मराठी गल्लीत सरकारी दरखास्त लिहायची असली की लोक माझ्याकडे येतात; मी आरोग्य कार्यालयातला बाबू. शेजारच्या काकू आल्या तेव्हा त्यांची थोरली सून जाऊन महिना झाला होता. पोटात सात महिन्यांचं बाळ, आणि कावीळ. आमच्या वेबसाइटवर पूर्वी गल्लीवार काविळीचे आकडे असत. साहेबांच्या तोंडी हुकमावरून मीच ते काढून टाकले होते. काकूंना माहितीच्या अधिकारात तेच हवे होते. ते दाखवल्याशिवाय नळाची सडलेली लाइन कोणी बदलणार नव्हतं.

"शेजारी बाबू असताना वकील कशाला?" त्या म्हणाल्या.

आकडे बाहेर आले असते तर ते वेबसाइटवरून कोणी काढून टाकले, हेही निघालं असतं. मी घाबरलो. अर्जात एक ओळ वाढवली: 'रुग्णांच्या नावापत्त्यांसह'. खाजगी माहिती म्हणून असे अर्ज आम्ही रोज नाकारतो. काकूंनी चष्म्यावाचूनच सही केली.

नकार आला. पहिलं अपील फेटाळलं गेलं. मग लखनौचा राज्य माहिती आयोग, तारखांवर तारखा. दर वेळी काकू परत आल्या की मलाच म्हणायच्या, "मी म्हातारी मूर्ख. नावं कशाला मागितली रे मी?" मी मान खाली घालून चहा प्यायचो.

गेल्या महिन्यात धाकट्या सुनेला दिवस गेल्याचं कळलं. नळ तोच. आयोगापुढे काकूंनी शेवटी धरलेल्या वकीलबाईंनी सांगितलं, नावं का मागितली याचं उत्तर नसेल तर अपील पडेल.

मी शपथपत्र लिहिलं आणि काकूंच्या स्वयंपाकघरात गेलो. त्या पातेल्यात पाणी उकळत होत्या, दुसऱ्यांदा.

"काकू, नावांची ओळ तुमची नव्हती. मी घातली. मुद्दाम."

त्या वळल्या नाहीत. "आणि आकडे?"

"ते वेबसाइटवरून मीच काढून टाकले. त्याआधी छापलेली प्रत कपाटात आहे. तेही यात लिहिलंय."

"नोकरी जाईल तुझी."

"जाईल."

"मग दोन वर्षं मला स्वतःला मूर्ख का म्हणू दिलंस?"

मी कागद ओट्यावर ठेवला, वाकून त्यांच्या पायांना हात लावला. त्यांनी पाय मागे घेतले.

"चुकलो, काकू," मी म्हणालो. "मला माफ करा."