मिरच्यांची देठं आणि निखिलची फेलोशिप

सावंतबाईंच्या गच्चीवरचा एक किस्सा सांगायला घेतला की त्याच्या मागून दुसरा येतो, आणि ऐकणाऱ्याचा चहा गार होतो. तेव्हा आधी चहा प्या.

भाईंदर पश्चिमेला आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर दर उन्हाळ्यात मिरच्या वाळतात. बाई रिटायर्ड हेडमिस्ट्रेस. त्या आणि आसपासच्या बायका मिळून मसाला करतात, विकतात, आणि येणाऱ्या पैशातून दरवर्षी एका विद्यार्थ्याला संशोधनासाठी फेलोशिप देतात. समितीत पुरुष मी एकटाच. माझं काम पोती उचलणं.

मुलाखतीचा नियम एकच. उमेदवाराने आमच्यात बसून मिरच्यांची देठं खुडायची आणि खुडता खुडता विषय समजावून सांगायचा.

* * *

निखिल मुलाखतीला पांढरा शर्ट घालून आला, तिथेच त्याची पहिली चूक झाली. शिंकत शिंकत म्हणाला, "माझा पीएचडीचा विषय माध्यमांतलं एलजीबीटी रेप्रेझेंटेशन. म्हणजे हेटेरोनॉर्मेटिव्ह चौकटीत..."

राई गावच्या जनाकाकूंनी हात थांबवला. "पोरा, आमाला समजंल असं सांग."

निखिलने नाक पुसलं. "काकू, सिरीयलमध्ये माझ्यासारखा मुलगा आला, तर एकतर लोकांना हसवायला येतो, नाहीतर मरायला. असं का, ते मला शोधायचंय."

जनाकाकूंनी एक मोठा ढीग त्याच्यापुढे सरकवला. "मंग बस. सगलं सांग."

फेलोशिप त्याला मिळाली. शर्ट मात्र वाया गेला.

* * *

त्यानंतर जनाकाकूंचा जीव सिरीयलमध्ये कमी आणि निखिलच्या अभ्यासात जास्त. एकदा आम्ही सगळे पॅकिंग करत होतो, तेवढ्यात निखिलला त्यांचा फोन आला. स्पीकर चालू होता.

"अरे, तुझा मानूस आलाय टीव्हीवर! लवकर लाव."

निखिल मोबाईलवर चॅनल शोधायला लागला.

"र्‍हाऊ दे," काकू म्हणाल्या. "त्याला अमेरिकेला धाडला."

* * *

सोसायटीच्या सेक्रेटरींनी बाईंना जिन्यात गाठलं. "बाई, मसाल्याच्या पैशातून असले विषय कशाला?"

"मागच्या वर्षी खाडीतल्या खेकड्यांवर दिले, तेव्हा तुम्ही काही बोलला नाहीत," बाई म्हणाल्या. "खेकड्यांनी तुमचं काय भलं केलंय?"

सेक्रेटरी लिफ्टने गेले. बाई जिन्यानेच वर आल्या, गुडघे दुखत असतानाही. मला त्यांचं फार कौतुक वाटतं, आणि हे मी त्यांच्या तोंडावर कधी म्हटलेलं नाही.

* * *

आता म्हात्रेशेठ. लग्नाची जेवणं करणारे मोठे केटरर आणि आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. त्यांनी मसाला घेतला तरच फेलोशिप चालते. मी एकदा त्यांना कमी तिखट मसाला दाखवला, तर म्हणाले, "हा आजाऱ्यांना द्या. माझ्या घरात असला मसाला येणार नाही." बोलके गृहस्थ. फक्त बंगळुरूला असलेल्या त्यांच्या मुलाचा विषय निघाला की मोबाईल बघायला लागायचे.

या वर्षी त्यांच्या कानावर निखिलचा विषय गेला. फोन करून म्हणाले, "विषय बदला, नाहीतर मसाला दुसरीकडून घेतो."

निखिलचा चेहरा उतरला. शेठ गेले तर फेलोशिपचे पुढचे हप्ते बंद, पीएचडी अर्धवट, आणि मीरा रोडच्या कॉल सेंटरची नोकरी. तो म्हणाला, "बाई, मी दुसरा विषय घेतो. सिरीयलमधली सासू."

"सासूवर आम्हा सगळ्यांचा अभ्यास झालेला आहे," बाई म्हणाल्या. "तू तुझं कर."

मग त्यांनी शेठना उलटा फोन लावला. "तक्रार असेल तर गच्चीवर या. फोनवर आम्ही ऐकत नाही."

* * *

शेठ आले, तेही पांढऱ्या शर्टात! बाईंनी त्यांना निखिलशेजारी बसवलं आणि पुढ्यात मिरच्या ओतल्या. "आधी त्याचं ऐका, मग तुमचं बोला. हात चालू ठेवा."

निखिल बोलायला लागला. हसवणारे सांगितले, मरणारे सांगितले, अमेरिकेला धाडलेलाही सांगितला. शेवटी म्हणाला, "साधं घरी येऊन सगळ्यांबरोबर जेवायला बसलाय, असा एकही अजून सापडलेला नाही."

शेठ खुडत राहिले. ढीग संपला तरी मान वर केली नाही. आम्ही सगळ्यांनी मनातल्या मनात ऑर्डर गेली असंच धरलं होतं.

शेवटी उठले, हात झटकले. मला म्हणाले, "नेहमीचा माल उद्या टेम्पोने पाठवा."

जिन्यापर्यंत गेले आणि परत वळले. डोळे लाल होते, मिरच्याच तशा होत्या.

"आणि एक पुडी कमी तिखट बांधा. घरी न्यायचीय. सुट्टीत पोरगा येतोय, आणि त्याच्याबरोबर राहतो ना तो, त्याला तिखट झेपत नाही."